झोव्क्वा : तट आणि कायदा

नगरे दोन प्रकारची असतात. काही नगरे आपोआप वाढतात. नदीचा उतार, बाजाराची वाट, देवळाचा परिसर अशा एखाद्या निमित्ताने चार घरे उभी राहतात, चाराची चाळीस होतात आणि पुढे केव्हातरी लोकांच्या ध्यानात येते की, येथे एक गाव वसले आहे. दुसरी नगरे आधी कागदावर जन्म घेतात आणि मग भूमीवर उतरतात. पश्चिम युक्रेनमधील झोव्क्वा हे दुसऱ्या प्रकारचे नगर होय. ल्विव ह्या मोठ्या शहराच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरवर ते वसले आहे. वस्ती फार तर चौदा हजारांच्या आसपास. जगाच्या नकाशात ते शोधावेच लागते. परंतु युरोपच्या गेल्या चार शतकांतील वैभव आणि विध्वंस ही दोन्ही ह्या लहानशा नगराच्या वेशीतून आत आली आणि आपापल्या खुणा मागे ठेवून गेली.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश पोलंड-लिथुआनियाच्या संयुक्त राज्यात मोडत होता. स्टानिस्लाव झोल्कीएव्स्की हा त्या राज्याचा एक मातब्बर सरदार. पुढे तो सरसेनापती झाला आणि १६१० साली क्लुशिनोच्या लढाईत विजय मिळवून थेट मॉस्कोपर्यंत जाऊन पोहोचला. विनिकी नावाच्या खेड्याजवळ १५९४ च्या सुमारास त्याने गढीचे बांधकाम काढले आणि गढीला लागून नवे नगर वसवायचे ठरविले. नगराला त्याने आपलेच नाव दिले. १६०३ साली राजाने त्याला माग्देबुर्गच्या कायद्याप्रमाणे स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची सनद दिली.

इटलीमध्ये त्या काळी आदर्श नगर कसे असावे, ह्याविषयी मोठा खल चालू होता. पिएत्रो कातानेओ ह्या ग्रंथकाराने नगराची तुलना मानवी देहाशी केली होती. जसे देहाचे अवयव एकमेकांशी प्रमाणबद्ध, तसेच नगराचे भागही असले पाहिजेत, असा त्याचा आग्रह. झोव्क्वाची रचना ह्याच विचारातून झाली, असे वास्तुशास्त्राचे अभ्यासक मानतात. ‘सुदैवी पाओलो’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इटालियन स्थपतीच्या हातून ती साकार झाली. पंचकोनी तटबंदी, तिच्या एका अंगाला चौरस गढी, गढीसमोर प्रशस्त चौक आणि चौकाच्या कडेने कमानदार पडव्यांची घरे, असा तो आराखडा. पावसात किंवा बर्फात बाजार करणाऱ्याला ह्या पडव्यांखालून कोरड्या पायांनी जाता यावे, ही योजना सौंदर्याइतकीच व्यवहाराचीही होती.

तटाला चार वेशी होत्या. एक ल्विवकडे जाणारी, एक ग्लिन्स्क गावाकडची, एक सरदाराच्या शिकारी रानाकडची, आणि चौथीचे नावच ‘यहुदी वेस’ असे होते. हे चौथे नाव विचार करण्याजोगे आहे. येथे लॅटिन पंथाचे पोलिश होते, पूर्वेकडील ख्रिस्ती पंथाचे युक्रेनियन होते आणि यहुदीही होते. त्यांच्यात समता होती, असे म्हणणे धाडसाचे होईल. सत्ता सरदाराची होती आणि मान त्याच्या पंथाला होता. पण नगराच्या आराखड्यात प्रत्येकाच्या प्रार्थनास्थळाला जागा होती आणि तट सर्वांनाच आपल्या आत घेत होता.

ह्या नगरातील सर्वांत भव्य वास्तू म्हणजे चौकाच्या एका बाजूला उभे असलेले संत लॉरेन्सचे चर्च. १६०६ ते १६१८ ह्या काळात ते बांधले गेले. क्रुसाच्या आकाराची त्याची मांडणी, मधोमध घुमट, आणि शेजारी घंटांचा मनोरा. हा मनोरा मुळात तटबंदीचाच बुरूज होता. प्रार्थनेची घंटा आणि पहाऱ्याची चौकी एकाच ठिकाणी असावी, असे त्या काळाचे मान होते. दक्षिणेकडून तार्तर आणि तुर्क ह्यांच्या स्वाऱ्यांची भीती सदैव असे.

ती भीती खोटी नव्हती. १६२० साली त्सेत्सोराच्या मोहिमेत तुर्की सैन्याशी लढताना वृद्ध झोल्कीएव्स्की धारातीर्थी पडला. त्याचे शिर कापून कॉन्स्टॅन्टिनोपलला पाठविण्यात आले. कुटुंबीयांनी खंडणी भरून ते परत मिळविले आणि त्याला संत लॉरेन्सच्या चर्चमध्ये चिरविश्रांती दिली. त्याच्या समाधीवर एक लॅटिन लेख कोरलेला आहे. आपल्या अस्थींतून सूड घेणारा कोणी निपजावा, अशी मागणी त्यात आहे.

पुढे तसे घडलेही. झोल्कीएव्स्कीच्या नातीचा मुलगा यान सोबिएस्की पोलंडचा राजा झाला. १६८३ साली व्हिएन्नाला तुर्कांचा वेढा पडला असताना त्याने तो उधळून लावला आणि साऱ्या युरोपात त्याचा जयजयकार झाला. पोपने पाठविलेली मानाची तलवार व शिरोभूषण त्याने १६८४ मध्ये झोव्क्वातच समारंभपूर्वक स्वीकारले. पणजोबाच्या समाधीने मागितलेले पणतवाने दिले, असे लोकांना वाटले असल्यास नवल नाही.

सोबिएस्कीचा काळ हा ह्या नगराचा सुवर्णकाळ. त्याच्याच आश्रयाने १६९२ नंतरच्या काही वर्षांत येथे यहुद्यांचे भव्य प्रार्थनामंदिर उभे राहिले. लांबून पाहणाऱ्याला ते एखाद्या किल्ल्यासारखे वाटते. भिंती जाड, त्यांना बाहेरून टेकू देणारे भक्कम धिरे, खिडक्या उंचावर, छपराभोवती नक्षीदार कठडा. आत मात्र चार खांबांनी तोललेल्या नऊ कमानी छतांचे प्रशस्त दालन. त्याच सुमारास अ‍ॅम्स्टरडॅमहून आलेल्या ऊरी फेबुस ह्या मुद्रकाने येथे हिब्रू छापखाना घातला, आणि झोव्क्वाचे ग्रंथ पूर्व युरोपभर वाचले जाऊ लागले. इव्हान रुत्कोविच हा चित्रकार ह्याच नगरात पवित्र चित्रे रंगवीत होता. १६९७ ते १६९९ ह्या काळात त्याने येथील चर्चसाठी घडविलेली चित्रभिंत ल्विवच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेली आहे. तटाबाहेर १७२० साली त्रिमूर्ती परमेश्वराच्या नावाने लाकडी चर्च बांधले गेले. तीन घुमट, आणि आत लिंडेनच्या लाकडात कोरलेल्या चौकटींत बसविलेली सुमारे पन्नास चित्रे. दगडी नगराच्या उंबरठ्यावर सुतारांनी आपली कला अशी मांडून ठेवली.

भरतीनंतर ओहोटी आली. १७०६-०७ च्या हिवाळ्यात रशियाचा झार पीटर येथे मुक्कामाला होता. स्वीडनच्या सैन्याला आत आत ओढून घ्यायचे आणि उपासमारीने खंगवायचे, ही युद्धनीती येथेच ठरली. तिचे फळ त्याला १७०९ साली पोल्टावाच्या रणांगणावर मिळाले. १७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली आणि नगर ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात गेले. मालक दूर गेले, गढी जीर्ण झाली आणि झोव्क्वा हे एक आडबाजूचे बाजारगाव होऊन राहिले.

विसाव्या शतकाने ह्या शांततेचा भंग केला. सप्टेंबर १९१४ मध्ये प्योत्र नेस्तेरोव ह्या रशियन वैमानिकाने नगराजवळच्या आकाशात आपले विमान ऑस्ट्रियन विमानावर आदळविले. हवाई युद्धाच्या इतिहासातील ही अशी पहिली धडक. दोन्ही विमाने कोसळली. पुढे सोव्हिएत राजवटीने १९५१ साली नगराला नेस्तेरोवचे नाव दिले. स्वतंत्र युक्रेनमध्ये १९९२ साली जुने नाव परत आले. नगराच्या नावाचा इतिहास हा असा राज्यकर्त्यांचाच इतिहास असतो.

परंतु नावापेक्षा कितीतरी मोठे काही ह्या दोन घटनांच्या दरम्यान हरपले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी नगरातील जवळजवळ निम्मी वस्ती यहुद्यांची होती. जून १९४१ मध्ये जर्मन सैन्य आले. प्रार्थनामंदिर सुरुंगाने उडवून देण्याचा प्रयत्न झाला. आतील भाग जळून गेला, पण सोबिएस्कीच्या काळातील त्या भिंती ढळल्या नाहीत. माणसे मात्र भिंतींसारखी दगडाची नव्हती. १९४२ साली कित्येकांना आगगाड्यांत कोंबून बेल्झेत्सच्या संहार छावणीत नेण्यात आले. २५ मार्च १९४३ रोजी सुमारे ३,५०० जणांना नगराबाहेरच्या रानात नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन लपविलेले मोजके लोक तेवढे वाचले. युद्धानंतर सरहद्दी बदलल्या, तेव्हा पोलिश रहिवासीही बहुतांशी पश्चिमेकडे निघून गेले. वेशी राहिल्या, ज्यांच्यासाठी त्या बांधल्या होत्या, ते राहिले नाहीत.

झोल्कीएव्स्कीने तट बांधला तो बाहेरून चालून येणाऱ्या शत्रूसाठी. पण राज्यसत्ताच नागरिकाच्या जिवावर उठली, तर त्याने कोणत्या तटाआड लपावे? ह्या प्रश्नाचा पाठपुरावा ज्याने आयुष्यभर केला, तो मनुष्य ह्याच नगरात जन्मला, हा इतिहासाचा विलक्षण योग म्हणावा लागेल. हर्श लाउटरपाख्ट हे त्याचे नाव. जन्म १६ ऑगस्ट १८९७, एका यहुदी कुटुंबात. १९१० साली हे कुटुंब ल्विवला गेले. तेथे आणि व्हिएन्नात कायद्याचे शिक्षण घेऊन हा तरुण इंग्लंडला पोहोचला आणि १९३८ साली केंब्रिज विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्राध्यापक झाला.

राजाने आपल्या प्रजेशी कसे वागावे, हा त्या राजाचा खासगी प्रश्न आहे, असेच आंतरराष्ट्रीय कायदा तोवर मानत आला होता. लाउटरपाख्ट ह्यांचे म्हणणे नेमके उलट होते. कायद्याचा अंतिम विषय राज्य नव्हे, तर एकेक माणूस आहे, आणि त्याच्या रक्षणाची जबाबदारी अखिल मानवजातीवर आहे. १९४५ साली महायुद्धातील अपराध्यांवर खटला भरण्याची सिद्धता चालू असताना ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ ही संज्ञा त्यांनीच अमेरिकन अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन ह्यांना सुचविली, आणि ती न्यूरेंबर्ग न्यायालयाच्या सनदेत दाखल झाली. २० नोव्हेंबर १९४५ रोजी खटला उभा राहिला, तेव्हा लाउटरपाख्ट ब्रिटिश पक्षाच्या वकिलांबरोबर न्यायालयात बसले होते. आरोपींच्या पिंजऱ्यात हान्स फ्रँक होता. ल्विवचा मुलूख ज्याच्या अमलाखाली होता, तोच हा अधिकारी. आपले आईवडील आणि भावंडे ह्यांचे काय झाले, हे लाउटरपाख्ट ह्यांना त्या दिवशी ठाऊक नव्हते. एका भाचीवाचून कोणीही उरले नव्हते, हे त्यांना मागाहून कळले. १९५५ पासून १९६० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश होते.

एकाच नगराने जगाला दिलेली ही दोन उत्तरे. चर्चमधील समाधी सूड मागते. त्याच नगरातील एका साध्या घरात जन्मलेल्या पुरुषाने, सूड घेण्याचे सर्वांत मोठे कारण असताना, साक्ष, पुरावा आणि न्यायासन ह्यांची मागणी केली. पहिल्या उत्तराने एक साम्राज्य मागे हटले. दुसऱ्या उत्तराची परीक्षा अजून चालू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर मोठे आक्रमण झाले, तेव्हा ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हे शब्द त्यांच्या कर्त्याच्या जन्मभूमीतच पुन्हा उच्चारावे लागले.

सोव्हिएत काळात बंद पडलेल्या संत लॉरेन्सच्या चर्चमध्ये १९८९ पासून पुन्हा उपासना होऊ लागली. १९९४ साली झोव्क्वाचा जुना भाग ऐतिहासिक वास्तूंचे राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. २००० साली जागतिक स्मारक निधीने प्रार्थनामंदिराची गणना संकटग्रस्त वास्तूंत केली. २०१३ मध्ये युनेस्कोने कार्पेथियन प्रदेशातील सोळा लाकडी चर्चना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत येथले त्रिमूर्तीचे चर्चही आहे. तटाच्या चार वेशींपैकी ग्लिन्स्क वेस आणि शिकारी रानाकडची वेस ह्या दोन उभ्या आहेत. यहुदी वेशीची जागा तेवढी राहिली आहे. तिच्या जवळच ते किल्ल्यासारखे प्रार्थनामंदिर आहे, आणि चार शतकांपूर्वी कोणी तरी नगराच्या आराखड्यात ह्या लोकांसाठीही एक जागा राखून ठेवली होती, एवढी साक्ष त्याच्या भिंती देत आहेत.