प्रबंध पुरा होऊ द्या



केवळ परंपरा म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. विद्यापीठातील संशोधन याहून फारसे निराळे नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला, तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. जातीतच विवाह करण्याचे बंधन हे जातीचे मूळ होय, असे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. पोथीला प्रश्न विचारण्याचा हा अधिकार त्यांनी अभ्यासाने मिळविला!

पुढे लंडनचा अभ्यास चालू असता शिष्यवृत्ती संपली. १९१७ साली त्यांना परतावे लागले. मुंबईस प्राध्यापकी करून त्यांनी पैसा जमविला, शाहू महाराजांनी साह्य केले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ साली डी. एस्सी. मिळाली.

आपण मात्र मुलगी एम. एस्सी. होताच नोकरी नाहीतर स्थळ पाहू लागतो. घरची ओढाताण मी जाणतो. परंतु कोणत्या रोगावर औषध शोधावे, कोणते यंत्र आधी बनवावे, हे संशोधकच ठरवितात ना? गटारात उतरणाऱ्याची लेक अभियांत्रिकीची संशोधक झाली, तर ती प्रथम कोणते यंत्र करील?

अशी मुलगी आपल्या घरी असेल, तर प्रबंध पुरा होईपर्यंत तिच्या लग्नाची बोलणी थांबवा.