मनोऱ्यावरचे पुतळे



फोर्टमधल्या मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरकडे मुंबईकर पाहतो तो घड्याळापुरता. थोडा वेळ थांबून पाहिलं, तर दगडात कोरलेली माणसंही दिसतात. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या आईचं नाव मिरवणारा हा मनोरा १८७८ साली पुरा झाला. त्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींचे पुतळे बसवले गेले. डोक्यावरचं पागोटं आणि अंगावरचा पोशाख बघून ओळखायचं, हा अमक्यांपैकी, तो तमक्यांपैकी. माणसांच्या रूपातले ते नमुने आहेत. त्यांना नावं नाहीत.

त्यानंतर विद्यापीठ चांगलंच पसरलं. आज मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याच्या कक्षेत येतात. जव्हारचा मुलगा आणि मलबार हिलची मुलगी यांच्या पदवीवर शिक्का एकच. पण पुतळे घडवण्याचा उद्योग काही बंद पडलेला नाही. तो आता कँटीनमध्ये चालतो. मराठी माध्यमातून आलेला तो ‘व्हर्नाक’. दक्षिण मुंबईतली ती ‘टाउनवाली’, म्हणजे बापाच्या जिवावर मजा करणारी. पहिल्या बाकावर बसतो तो ‘घासू’. मणिपूरच्या मुलीला ‘कुठल्या देशाची?’ असं विचारलं जातं. आणि राखीव जागेवरून आलेल्याची ओळख व्हायच्या आधी त्याच्या टक्क्यांची चौकशी होते.

“नाव काय तुझं?”

“सुनील.”

“पूर्ण नाव?”

महाराष्ट्रात या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

हा प्रश्न नुसताच मनाला लागतो असं नाही, तो गुणपत्रिकेपर्यंत पोहोचू शकतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या गावांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जितकी कोडी सुटतील तितके पैसे मिळणार होते. कुणाची जात जाहीर केली नाही, तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग दुसऱ्या काही गटांत सुरुवातीलाच प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव आणि जात सर्वांदेखत वाचून दाखवली. तिथे दलित मुलांची कोडी कमी सुटली. कोडी तीच होती, मुलंही त्याच वयाची. मध्ये झाली होती फक्त हजेरी.

या विद्यापीठाच्या इतिहासात अशी हजेरी पुष्कळदा घेतली गेली आहे. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. ते तेव्हा मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं होतं. त्यांना पाहून वर्गाचं दार तोंडावर लावून घेणारे सहाध्यायी होतेच. पुढे त्या अव्वल आल्या आणि इंग्लंडला जाण्याच्या सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क झाला, तेव्हा ती बाईमाणसाला मिळत नाही असं उत्तर आलं. हितचिंतकांनी पैसे जमवले, १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि तिथे कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पण ती पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडलं.

भीमराव आंबेडकर १९०८ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. कॉलेजच्या उपाहारगृहात त्यांना चहा मिळत नसे. त्याच कॉलेजात प्रा. मुल्लर त्यांना स्वतःची पुस्तकं वाचायला देत, प्रसंगी कपडेही देत. कोलंबिया आणि लंडन इथे शिकून आलेले आंबेडकर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकारी अडून बसले. वर्गातल्या मुलांनाही सुरुवातीला या नव्या मास्तरांविषयी फारशी आस्था नव्हती. मात्र तास रंगू लागले आणि दुसऱ्या कॉलेजांची मुलं परवानगी काढून ऐकायला येऊ लागली. प्राध्यापकांच्या खोलीत भांड्याचा वाद चालू असताना वर्गात बसायला जागा कमी पडत होती.

खोली आणि वर्ग यांत हा फरक का पडला असावा? एका छताखाली आणलं की माणसं आपोआप जवळ येतात, अशी एक समजूत आहे. मॅट लोव या अर्थतज्ज्ञाने ती क्रिकेटच्या मैदानावर तपासली. त्याने उत्तर प्रदेशात गावपातळीवर क्रिकेट लीग भरवल्या. काही संघ एकाच जातीचे होते, काही मिश्र. मिश्र संघातून खेळलेल्यांची जातीबाहेरची दोस्ती वाढली आणि आपल्याच जातीवाल्याला झुकतं माप देण्याची सवय कमी झाली. पण दुसऱ्या जातीची माणसं नुसतीच प्रतिस्पर्धी म्हणून समोर उभी राहिली, तिथे हा फायदा दिसला नाही; काही बाबतींत उलटच झालं.

मुंबईसारख्या शहरातल्या विद्यापीठाला हा निष्कर्ष झोंबणारा आहे. कारण इथली मुलं एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ती प्रतिस्पर्धी म्हणूनच. सीईटीचा पर्सेंटाइल, कट-ऑफची यादी, कॅम्पस प्लेसमेंटची रांग. नाना जातींची, भाषांची आणि गावांची मुलं एका वर्गात असतात, पण एका बाजूने खेळत नाहीत.

खेळतात ती एकांकिकेच्या तालमीत. माटुंग्याचं रुइया, दादरचं कीर्ती, गिरणगावातलं महर्षी दयानंद. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दिवस आले की या कॉलेजांत संध्याकाळी रिकामा वर्ग शोधून बाकं भिंतीला सरकवली जातात. विरारची शेवटची लोकल कुणाला पकडायची आहे, याचा हिशेब करून प्रवेशांचा क्रम ठरतो. ज्याच्या इंग्रजीला वर्गात हसतात, त्याची मालवणी नाटक तोलून धरते. ‘टाउनवाली’ गुडघ्यावर बसून सेटला रंग देत असते. ‘घासू’कडे प्रकाशयोजना असते, कारण साठ क्यू त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षात राहत नाहीत. इथेही ‘पूर्ण नाव?’ विचारलं जातं, पण स्पर्धेचा प्रवेशअर्ज भरण्यासाठी.

सगळंच तालमीत सुटतं असं नव्हे. वसतिगृहातली खोली, शिष्यवृत्तीचा वेळेवर न येणारा हप्ता, तक्रार ऐकणारी समिती ही कामं विद्यापीठाची आहेत आणि ती मैत्रीच्या भरवशावर सोडता येत नाहीत. पण प्रकल्पाचे गट रोल नंबरने पाडायचे, की मुलांनी आपापल्या ओळखीपाळखीतले निवडायचे, हे प्राध्यापकाला उद्याच्या तासालाही ठरवता येतं. उद्या कार्यालयांत आणि कारखान्यांत आजचे पदवीधर माणसं निवडायला बसतील, तेव्हा संघ पाडायचं काम त्यांच्याकडे येईल.

थोड्याच वेळात इथे पदवीदानासाठी नावं पुकारली जातील. पूर्ण नावं, आडनावासकट. नंतर सगळे फोटोसाठी बाहेर पडतील आणि मनोऱ्यावरचे पुतळे आपापल्या पागोट्यांतून खाली पाहत असतील. खालच्या घोळक्यातले सगळे एकाच माध्यमाचे, एकाच बाजूच्या लोकलने येणारे निघाले, तर फोटो काढणाऱ्याला जरा थांबवा. प्रकल्पात सोबत असलेला तो सावंतवाडीचा मुलगा बहुधा अजून प्रमाणपत्राच्या खिडकीपाशी रांगेत असेल. त्यालाही हाक मारा.