नव्या पंचाची शिट्टी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी आहारावर बोलते, कोणी बचतीवर. यंदा मला चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आणि मी माझा विषय सांगितला, तेव्हा सेक्रेटरीबाई हसल्याच. म्हणाल्या, "अहो, खेळाच्या पंचांवर बायकांपुढे काय बोलणार?" माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु गेली दोन वर्षे माझी मुलगी कबड्डीची पंच म्हणून मैदानात उभी राहते आणि मी दोरीच्या बाहेर उभी राहते. तेथे जे पाहिले, ऐकले, ते सांगायला शाळा फार लागत नाही.

आपली नवी मुंबई नवी खरी. सिडको स्थापन झाली १९७० साली. पण येथली आगरी-कोळी गावे त्याच्या कितीतरी आधीची, आणि त्यांची कबड्डीही. आमचे मामंजी अजून हुतूतूच म्हणतात. थंडी पडली की गावोगावच्या मैदानांवर दिवे लागतात, आणि मग रात्री उशिरापर्यंत आरडाओरडा घरात ऐकू येतो. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हापासून टीव्हीमुळे चढाई, पकड, बोनस हे शब्द आपल्याही तोंडी आले. पंचाचे काम मात्र कोणाला ठाऊक नसते, म्हणून ते आधी थोडे सांगते.

क्रिकेटात निदान चेंडू दिसतो. कबड्डीत चेंडू नाही, बॅट नाही, जे काय आहे ते माणसांच्या अंगाशी. मध्यरेषेच्या दोन टोकांना दोन पंच असतात, त्यांच्यावर सरपंच, शिवाय रेषापंच आणि गुणलेखक. चढाई तीस सेकंदांची. तेवढ्यात चढाई करणाऱ्याचे बोट कोणाला लागले का, बोनस रेषेपलीकडे पाय टाकला तेव्हा मागचा पाय अधांतरी होता का, समोर निदान सहा गडी होते का, झटापट होण्याआधीच कोणी लॉबीत पाय टाकला का, हे सारे पाहायचे. शेवटी सहा-सात जण एकावर पडतात आणि त्या ढिगाऱ्याखालून एक हात मध्यरेषेकडे सरकतो. तो रेषेला टेकला की नाही हे तिथल्या तिथे सांगायचे. टीव्हीवर तेच पुन्हा पुन्हा, सावकाश दाखवतात. गावच्या मैदानात कोण दाखवणार?

आणि दाखवूनही भागतेच असे नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमध्ये हांगझोऊ येथे आशियाई खेळांत पुरुषांचा अंतिम सामना होता, भारत आणि इराण. दोघांचे गुण २८–२८ असताना लॉबीच्या नियमावरून वाद झाला. पंचांनी निर्णय एकदा असा दिला, एकदा तसा, आणि खेळ जवळजवळ तासभर थांबला. पुढे भारत ३३–२९ ने जिंकला, आपण पेढे वाटले. तेथले पंच निवडून आणलेले होते. त्यांची ही गत, तर नुकतीच परीक्षा पास झालेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीकडून आपण काय मागतो आहोत, याचा विचार व्हावा.

आमची मुलगी शाळेपासून खेळत होती. गुडघा दुखावला, खेळ सुटला, तेव्हा तिने पंच परीक्षा दिली. मानधन म्हणाल तर रिक्षाभाडे आणि वर चहा. पहिल्याच हंगामात एका जुन्या पंचांनी तिला शिकवले की शिट्टी जोरात वाजव, हात झटकन वर कर, आणि समजावत बसू नकोस. मला हे उद्धटपणाचे वाटले होते. मैदानाशी उभी राहिले तेव्हा त्याचा अर्थ कळला. नव्या पंचाची शिट्टी जरा हळू वाजली की गर्दीला लगेच वास येतो. भाजीवालीला नवी सून ओळखू येते ना, तसेच.

एका सामन्याचे सांगते. मध्यरेषेच्या एका टोकाला एक वयस्कर पंच होते, दुसऱ्या टोकाला आमची मुलगी. मध्यंतरापूर्वी त्या गृहस्थांनी एका गड्याला बाद दिले. त्याचा हात रेषेला लागला होता असे पुष्कळांचे म्हणणे पडले. थोडी कुजबुज झाली, एकजण म्हणाला, "जाऊ द्या, त्यांना दिसले असेल," आणि खेळ पुढे चालला. मध्यंतरानंतर अगदी तसाच प्रसंग मुलीच्या बाजूला आला. तिनेही बाद दिले. त्याबरोबर मैदान उठले! "किती घेतलेस?" "कोणाची पोरगी आहे ही?" "घरी जाऊन भाकऱ्या थाप!" (भाकऱ्या ती उत्तम थापते, पण ते येथे राहू द्या.) दोन्ही निर्णय बरोबर होते की चूक, ते मला सांगता येणार नाही. ओरडणाऱ्यांनाही सांगता आले नसते, कारण ते माझ्याच शेजारी उभे होते आणि आमच्यापुढे पाठींची भिंत होती. फरक एवढाच की वयस्कर माणसाची झाली तर ती नजरचूक, आणि नवखीची झाली तर तिने पैसे खाल्ले.

माझ्या डावीकडे एक ओळखीच्या बाई होत्या. त्यांचा मुलगा हरणाऱ्या संघात. त्याही तावातावाने ओरडत होत्या. मी त्यांना म्हटले, "ती माझी मुलगी आहे." त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अगं बाई, मला काय माहीत!" यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. ती माझी मुलगी नसती, तर ओरडणे बरोबर होते काय?

रात्री मी मुलीला विचारले, एवढ्या लोकांचे ओरडणे कसे सहन होते? ती म्हणाली, "आई, सगळे ओरडतात तेव्हा काहीच ऐकू येत नाही. एकच माणूस जवळून हळू आवाजात बोलतो, ते घरी येते."

घरात मात्र ह्यांचे मत पडले की आता पुरे झाले. त्यातच एक स्थळ आले होते, त्या मंडळींनी विचारले, "मैदानात पुरुषांच्या शिव्या खाते ती हीच का?" स्थळ गेले. तिच्याबरोबर परीक्षा दिलेल्या ओळखीच्या पाच मुलींपैकी आता दोघीच मैदानावर दिसतात. बाकीच्या कोणी हाकलून दिल्या नाहीत. त्यांच्या घरीही असेच कोणीतरी "आता पुरे" म्हणाले असेल.

मुले सोडून जातात ती कोणत्या भीतीने, तेही बोलले पाहिजे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादीवरच्या कुस्तीत शिवराज राक्षे यांनी निर्णय न पटल्याने पंचांना लाथ मारली. त्यांना तीन वर्षांसाठी निलंबित केले. पंचांच्या निर्णयाचीही पुढे चौकशी झाली, आणि ती व्हायलाच हवी. चौकशीचा रस्ता निराळा आणि लाथेचा निराळा. हॉलंडात अल्मेरे गावी डिसेंबर २०१२ मध्ये मुलांच्या फुटबॉल सामन्यात एक वडील हौसेने रेषेवर झेंडा घेऊन उभे होते. सामना संपल्यावर समोरच्या संघातील पोरांनी त्यांना मारले, आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. मारणाऱ्यांत एका मुलाचे वडीलही होते. मी हे वाचले त्या रात्री मुलगी परत येईपर्यंत दार लावले नाही.

आता दुसरी बाजू. खेळाडू दिवसभर कामावर राबून, रात्री सराव करून येतात. एका चुकीच्या निर्णयाने त्यांचा वर्षाचा खेळ वाया जातो, तेव्हा त्यांना राग येणारच. माझे म्हणणे आयोजकांशी आहे. चुरशीचा सामना जुन्या पंचांना नको असतो, म्हणून तो नव्याच्या गळ्यात घालायचा, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी शंभर पानांचा स्वयंपाक कोणी सांगेल का? अर्थात आपणही काही कमी नाही. गेल्या वर्षी येथेच संगीत खुर्चीच्या वेळी गाणे थांबवणाऱ्या काकूंना आपण काय काय बोललो, ते समोर बसलेल्या काहीजणींना आठवत असेल. आणि तेथे बक्षीस होते स्टीलचा डबा!

ह्यांना मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली आपल्याच नवी मुंबईच्या वृंदा राठी यांची. त्या मुंबई विद्यापीठाकडून क्रिकेट खेळल्या, पुढे गुणलेखन करू लागल्या. २०१३ साली मुंबईत महिलांचा विश्वचषक झाला, तेव्हा न्यूझीलंडच्या महिला पंच कॅथी क्रॉस त्यांना दिसल्या आणि आपणही पंच व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. परीक्षा देत देत जानेवारी २०२३ मध्ये त्या गोव्यात पर्वरी येथे पुरुषांच्या रणजी सामन्यात पंच म्हणून उभ्या राहिल्या. त्याच महिन्यात जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन याही रणजीत उभ्या राहिल्या. त्याआधी कोणी स्त्री त्या जागी नव्हती. दुसरी गोष्ट नेरूळची. २ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला, तेव्हा आपण सर्वजणी रात्री जाग्या होतो. त्या संपूर्ण स्पर्धेत सगळ्या पंच स्त्रियाच होत्या, हे किती जणींच्या लक्षात आले? ह्यांच्याही आले नव्हते. म्हणाले, "चांगलेच उभे होते ते पंच, दिसलेसुद्धा नाहीत." मी म्हटले, आपल्या मुलीलाही तेवढेच हवे आहे. त्यावर ह्यांनी हा एक हंगाम पाहू असे म्हटले आहे. हंगाम आता सुरू होईल.

म्हणून मंडळापुढे माझी एक विनंती आहे. जानेवारीत आपल्या मैदानावर सामने आहेत, आणि पाण्याची व्यवस्था नेहमीप्रमाणे आपल्याकडे आहे. आयोजकांना आपण लिहून द्यावे की दोरी मैदानापासून दोन हात आणखी मागे घ्यावी, पंचांचे टेबल गर्दीच्या बाजूस ठेवू नये, नव्या पंचाबरोबर दुसऱ्या टोकाला जुनाच पंच द्यावा, आणि तक्रार असल्यास ती कर्णधाराने सरपंचांकडे करावी. पंचांच्या बाजूला बसायला आपण दहा-बाराजणी गेलो तर जवळून हळू आवाजात बोलणाऱ्याला तेथे जागा उरणार नाही. रात्री सामने संपल्यावर मुली पंचांना स्टेशनपर्यंत सोबत लागेल, त्यासाठी रोज दोघीजणी हव्यात. पहिल्या रात्री मी आहेच. बाकीच्या रात्रींसाठी ज्यांना जमेल त्यांनी चहा झाल्यावर आपली नावे सेक्रेटरीबाईंकडे द्यावीत.