इंग्रजीचा धडा घरी न्यायचा कसा?

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शिक्षक नाही. दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसणारा कारकून आहे. कला शाखेचा पदवीधर आहे आणि संध्याकाळी संस्थेच्या सभागृहात दहावीच्या मुलांचा इंग्रजीचा गृहपाठ घेतो, एवढाच माझा अधिकार. तेव्हा इंग्रजीचे महत्त्व मी सांगणार नाही. ते वाघिणीचे दूध आहे हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते वाटीतून मुलाच्या पोटात कसे जाईल, एवढ्यापुरतेच बोलतो.

मराठी माध्यमाच्या मुलाला दहावीत इंग्रजी तृतीय भाषा म्हणून असते. लेखी परीक्षा ८० गुणांची, वेळ तीन तास. त्यात पाठ्यपुस्तकातल्या गद्य उताऱ्यांना २० आणि कवितांना १० गुण. म्हणजे ८० पैकी ३० गुण गोष्टी आणि कविता यांचे आहेत. बाकी व्याकरण, पत्र, न वाचलेले उतारे, शेवटी ५ गुणांचे भाषांतर. आपली मुले पत्राचा नमुना घोकतात, व्याकरणाचे नियम घोकतात आणि धडा मात्र न वाचता गाईडमधून उत्तरे पाठ करतात. गाईडशी माझे वैर नाही. पण गाईड धड्याच्या आधी उघडले की धडा मेलाच म्हणून समजा. उत्तर आधीच ठाऊक असेल तर गोष्ट कोण वाचील?

उदाहरणच घेऊ. २०१८ साली आलेल्या दहावीच्या 'माय इंग्लिश कोर्सबुक'मध्ये रस्किन बाँड यांची 'द बॉय हू ब्रोक द बँक' ही गोष्ट आहे. पिपलनगर नावाच्या गावात सेठ गोविंदराम यांची खासगी बँक आहे. तिच्या पायऱ्या झाडणारा नथू हा पोरगा महिन्याची वीस तारीख आली तरी पगार न मिळाल्यामुळे कुरकुरतो. ती कुरकुर धोब्याचा मुलगा सीताराम ऐकतो आणि कपडे पोचवायला जातो त्या घरी सांगतो. तिथून ती बाजारात जाते. जो ऐकतो तो थोडे आपल्या पदरचे घालून पुढे देतो. संध्याकाळपर्यंत बँकेच्या दारात झुंबड उडते आणि काचेवर वीट येऊन बसते. वर्षानुवर्षे कोपऱ्यावर बसून भीक मागणारा, कधी कोणी चालताना न पाहिलेला गणपतही उठून बँकेकडे पळत सुटतो, कारण त्याचेही हजार रुपये आत असतात! इथे मुले हसली नाहीत तर समजावे की धडा वाचलेलाच नाही.

या धड्याचा गृहपाठ मी असा देतो. पहिल्या दिवशी लिहायचे काहीच नाही. घरी जाऊन आईला, आजीला किंवा शेजारच्या काकूंना ही गोष्ट मराठीत सांगायची आणि त्या काय म्हणाल्या ते दुसऱ्या दिवशी मला सांगायचे. पालकहो, पुष्कळदा तुम्ही म्हणता, "आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही पोराचा अभ्यास काय घेणार?" तुम्हाला गोष्ट ऐकता येते. मूल कुठे अडखळते ते तुम्हाला बरोबर कळते, कारण तिथे तुम्ही विचारता, "मग पुढे काय झाले?" आणि त्याला सांगता येत नाही. तिथेच त्याने धडा सोडून दिलेला असतो. एका आजीबाईंनी विचारले, "त्या पोराचा पगार अखेर मिळाला का नाही?" साऱ्या वर्गात हा प्रश्न कोणाच्याही मनात आलेला नव्हता. मुले पुन्हा पुस्तक उघडून शोधू लागली. सगळा गाव आपापल्या पैशांसाठी धावतो, आणि ज्याच्या पैशांवरून हे सुरू झाले तो दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन काचा झाडतो आहे. पगार मिळाल्याचे कुठेही लिहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी वहीत एक साखळी काढायची. नथूने काय म्हटले, सीतारामने काय सांगितले, पुढच्याने काय जोडले. प्रत्येकाचे एकच इंग्रजी वाक्य, आणि ते धड्यातून शोधून. घटनांचा क्रम लावा, कोण कोणास म्हणाले, चूक की बरोबर, असे जे प्रश्न येतात ते या एका साखळीतून सुटतात. वेगळे पाठांतर लागत नाही.

तिसरा दिवस माझ्या व्यवसायाचा! मुले हमखास विचारतात, "सर, बँकेत लोकांचे पैसे असतातच ना? मग देता का येत नाहीत?" ठेवीदाराने दिलेला पैसा बँक तिजोरीत नुसता ठेवीत नाही, कर्जाने देते. थोडी रोख हाताशी ठेवते. सगळे एकाच दिवशी मागायला आले तर चांगल्या बँकेचीही पंचाईत होते. गोष्टीतल्या बँकेची राखीव रक्कम तीस मैलांवर दुसऱ्या बँकेत आहे, ती लगेच आणता येत नाही, आणि सेठ तर काश्मीरला सुटीवर गेलेले. आपल्या देशात ठेवींना विम्याचे संरक्षण १९६२ पासून आहे. आरंभी ते १५०० रुपयांपर्यंत होते, १९९३ मध्ये एक लाख झाले आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. हे परीक्षेत येत नाही. पण हे कळले की लोक का धावले ते कळते, आणि कळलेली गोष्ट परीक्षेच्या हॉलमध्ये विसरत नाही. याला मी अवांतर मानत नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक गद्य उताऱ्याच्या शेवटी एक प्रश्न विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मताचा असतो, दोन गुणांचा. इथे सगळ्या वह्यांत एकच उत्तर सापडते: अफवा पसरवू नयेत. उत्तर चुकीचे नाही, पण ते गाईडचे मत आहे. विद्यार्थ्याचे मत कुठे आहे?

आमच्या वर्गातला एक मुलगा हा धडा मोठ्याने वाचायचे टाळत होता. त्याचे वडील सफाईचे काम करतात. नथूच्या हातातला झाडू वर्गासमोर उच्चारायला त्याला जड जात होते. मी त्याला काही म्हणालो नाही, उपदेशही केला नाही. सगळ्या वर्गाला गृहपाठ दिला: घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, तुमचा पगार कधी थकला होता का, तेव्हा घर कसे चालवलेत? पाच वाक्ये इंग्रजीत लिहून आणा. चुका झाल्या तर होऊ द्या. तो मुलगा सात वाक्ये घेऊन आला. ठेकेदाराने तीन महिने पैसे अडवले होते, आईने वाण्याकडून उधारीवर तांदूळ आणला होता, असे लिहिले होते. क्रियापदे निम्मी चुकली होती. पण शेवटचे वाक्य असे होते की बँक नथूने बुडवली नाही, सेठने वेळेवर पगार दिला नाही म्हणून ती बुडाली. गोष्टीच्या नावालाच त्याने हरकत घेतली! असे उत्तर धड्यातला आधार देऊन लिहिले तर त्याला गुण मिळायलाच हवेत, असे माझे मत आहे. त्यानंतर धडा मोठ्याने वाचायला तो स्वतः उभा राहिला.

कवितेचे थोडक्यात सांगतो. रसग्रहणाला ५ गुण असतात. कवितेचे नाव, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, असे मुद्दे तिथे दिलेले असतात. मुले यमकात चुकतात, कारण ती स्पेलिंग पाहतात. इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नये. 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांचा शेवट लिहायला सारखा, पण उच्चार वेगळा. 'बेअर' आणि 'केअर' यांचे स्पेलिंग वेगळे, पण यमक जुळते. म्हणून प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द पेन्सिलने देवनागरीत लिहायचा. आपली लिपी उच्चार दाखवते, मग यमक डोळ्यांना दिसते. मराठी माध्यमाच्या मुलाकडचे हे हत्यार इंग्रजी माध्यमवाल्याकडे नाही, ते वापरा. मात्र आधी उच्चार ऐकून घ्या, मोबाईलवरच्या शब्दकोशात तो ऐकू येतो. मोबाईलचा एवढा उपयोग केलात तरी पुष्कळ झाले.

वह्या तपासणाऱ्या तरुण मित्रांना एक विनंती. पान लाल करू नका. एका आठवड्यात एकच प्रकारची चूक धरा. या आठवड्यात फक्त भूतकाळ, पुढच्या आठवड्यात फक्त वाक्यारंभीचे मोठे अक्षर. सगळ्याच चुका दाखवल्या की मूल एकही सुधारत नाही, ते वहीच आणायचे बंद करते.

वेळेचा हिशेब मी कारकुनी पद्धतीने मांडतो. १८० मिनिटे भागिले ८० गुण, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. रसग्रहणाला साधारण अकरा मिनिटे मिळतात. घरी लिहिताना घड्याळ समोर ठेवा. परंतु हे जानेवारीनंतर. जूनपासून घड्याळ लावून लिहायला बसवले तर मुलाला कविता आवडायची राहूनच जाईल.

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी बोलायला वेळ कमी आहे. २०२० साली आलेल्या बारावीच्या पुस्तकात कादंबरीचा विभाग १६ गुणांचा ठेवला होता आणि त्यात ई. आर. ब्रेथवेट यांच्या 'टू सर, विथ लव्ह' या १९५९ च्या कादंबरीचा अंश घेतला होता. शिकलेला इंजिनिअर, युद्धात विमानदलात नोकरी केलेला, पण केवळ काळ्या रंगामुळे लंडनमध्ये नोकरी नाकारला गेलेला माणूस शेवटी गरीब वस्तीतल्या शाळेत मास्तर होतो. हे पुस्तक अंशावर थांबू नका, पूर्ण वाचा. का वाचा, हे या सभागृहात मी सांगायला नको.

गृहपाठाचा वर्ग सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते नऊ. वही शंभर पानी, एकरेघी. गाईड घरी ठेवून यावे. ज्या माता-पालकांना गोष्टी ऐकायला यायचे असेल त्यांच्यासाठी मागच्या बाजूला खुर्च्या मांडलेल्या असतील.