दुसरा बाण



रात्री जेवायला बसताना मोबाइलवर साहेबांचा तिखट मेसेज येतो. वाचायला क्षणभर लागतो, पण जेवण उरकेपर्यंत आपण मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत राहतो. मग भाजीत मीठ कमी पडल्याचं निमित्त होतं आणि आवाज चढतो तो घरच्यांवर.

संयुत्तनिकायातल्या सल्ल सुत्तात भगवान बुद्धांनी हे नेमकं दाखवलं आहे. पहिला बाण लागला की शहाण्यालाही दुखतं. अजाण माणूस मात्र त्यावर त्रागा करतो, कुढतो, म्हणजे दुसराही बाण सोसतो. पहिला बाण बहुधा आपल्या हातात नसतो. सजगतेचा सराव आहे तो दुसऱ्यासाठी.

राग आधी शरीरात कळतो. कानशिलं तापतात, छाती धडधडते, श्वास आखूड होतो. त्या क्षणी उत्तर टाइप करू नका. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास जाणा. तो मुद्दाम लांबवायचा नाही, मोजायचा नाही, जसा आहे तसा पाहायचा. छातीतली धडधडही पाहा. ती बदलते, ओसरते. उत्तर त्यानंतर द्या.

पण ऐन रागात हे एकदम साधणार नाही, म्हणून रोज सकाळी दहा मिनिटं आनापान, म्हणजे असाच श्वास जाणण्याचा सराव, करा. मन पळालं की स्वतःवर न चिडता त्याला परत श्वासावर आणा. हे परत आणणं हाच खरा सराव. सत्यनारायण गोयंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी विपश्यना शिकवायला सुरुवात केली. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिरात आजही पहिले तीन दिवस श्वासावरच जातात, यावरून या पायाचं महत्त्व ओळखा.

एक गैरसमज मला फार खुपतो. शांत राहायचं म्हणजे अन्याय मुकाट गिळायचा, असं काही जण मानतात, आणि घरातल्या सुनेला किंवा हाताखालच्या माणसाला तेच ऐकवतात. बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात धम्म स्वीकारला तो मान खाली घालण्यासाठी नव्हे. सम्यक स्मृती, म्हणजेच सजगता, हे बुद्धांच्या अष्टांगिक मार्गाचं एक अंग आहे, सम्यक वाचा हे दुसरं. ठाम बोला, जरूर बोला. फक्त ते बोलणं रागाच्या भरात नसावं.

आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. औषधं चालू असतील तर ध्यान सुरू केलं म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका.