डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

आजचा भाग थोडा वैतागात रेकॉर्ड करतोय, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी मी सेकंडहँड डिझेल गाडी घेतली. बीएस-सिक्स, म्हणजे एप्रिल 2020 नंतरची. घर नाशिकला सिडकोत, कंपनी अंबडला. जायचं चार किलोमीटर, यायचं चार. तीन महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा. गाडी चालते, पण पिकअपच नाही. साधा चढ आला की मागचे रिक्षावाले हॉर्न मारायला लागतात.

गेलो अण्णांकडे. आमच्या घरचे मेकॅनिक, बाबांच्या पहिल्या गाडीपासूनचे. पूर्वी बॉनेट उघडून नुसता आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "टॅपेट वाजतंय." या वेळी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी2463. म्हणजे डीपीएफमध्ये काजळी साठलीय.

"हे बघ, कोड मला दिसतो," अण्णा म्हणाले. "पण फिल्टर साफ करायची कमांड माझ्या स्कॅनरवरून जात नाही. त्याला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. तू सर्व्हिस सेंटरला ने."

वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आम्हाला दुसरीकडे पाठवलं. पैसेही घेतले नाहीत. तेच जास्त लागलं मला.

सर्व्हिस सेंटरमध्ये एस्टिमेट मिळालं एक लाख दहा हजार. अख्खा फिल्टर बदला म्हणे. साफ नाही का होणार, विचारलं. तो पोरगा टॅबमध्ये बघत म्हणाला, "सिस्टिम रिप्लेसमेंट दाखवतेय, सर." गाडीखाली कुणी वाकूनसुद्धा बघितलं नव्हतं. मी सही न करता निघालो, परत अण्णांकडे.

अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "रोज किती चालवतोस?"

तर गंमत अशी आहे. डीपीएफ डिझेलच्या धुरातली काजळी अडवतो. ती नंतर जाळावी लागते, आणि त्यासाठी सायलेन्सरच्या लाइनमध्ये सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते. गाडी जास्तीचं डिझेल सोडून ती तयार करते. पण चार किलोमीटरमध्ये हे काम अर्धवटच राहतं. त्यात न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. अण्णांनी डिपस्टिक काढली, ऑइल वरच्या खुणेच्याही वर! ऑइल कधी आपोआप वाढतं का? आधी ते बदललं. मग मॅन्युअल वाचलं (हो, पहिल्यांदाच) आणि त्यात सांगितल्याप्रमाणे गाडी हायवेला घेतली, एकसारख्या वेगात. घोटीच्या अलीकडे दिवा गेला. दिवा लाल झाला असता तर हा उपाय चालला नसता, हेही त्यातच लिहिलंय. विकताना मात्र यातलं एक अक्षर कुणी बोललं नव्हतं.

2014 मध्ये स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता. कारण हेच, सुटे भाग आणि डायग्नोस्टिक टूल्स बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळत नाहीत. कंपन्या अपिलात गेल्या. 2022 मध्ये केंद्र सरकारने राइट टू रिपेअर पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत. अण्णांचा स्कॅनर आहे तिथेच आहे.

परवा ते नवीन स्कॅनर बघत होते. सॉफ्टवेअरचे पैसे दरवर्षी वेगळे. मला विचारतात, "म्हणजे मोबाईलच्या रिचार्जसारखं का रे? नाही भरले तर पाना-पक्कडपण बंद?"

मी हल्ली पंधरा दिवसांनी एकदा घोटीला जाऊन येतो. काम काही नसतं. प्रदूषण कमी करणारा फिल्टर साफ राहावा म्हणून सत्तर किलोमीटर डिझेल जाळून येतो.