दोन सबवूफर, एक हॉल आणि खालचे काका

आज पंचवटीतला एक हॉल घेऊया. सोळा बाय बारा फूट, आरसीसी बिल्डिंग, दोन सबवूफर, दोन्ही टीव्हीच्या आजूबाजूला. मधल्या सोफ्यावर बास गायब. मागच्या भिंतीला टेकलेल्या दिवाणावर आजी बसतात, तिथे छातीत धडधड. सोफ्यावर ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की खालचे काका जिना चढून वर. मग प्रश्न येतो, तिसरा सब घ्यायचा का?

थांबा, पैसे खिशातच ठेवा.

सोळा फूट म्हणजे साधारण ४.९ मीटर. या लांबीत ३५ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो. भिंतींपाशी तो फुगतो, बरोबर मध्यात जवळजवळ शून्य होतो. रुंदीत असाच प्रकार ४७ला. आणि आपल्या भिंती विटा-काँक्रीटच्या. अमेरिकेतल्या जिप्समच्या भिंती थोडा बास गिळतात, आपल्या तो परत फेकतात.

हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली नेमका हाच प्रश्न मांडला होता, सब किती पुरेत? चौकोनी खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब फार चांगलं काम करतात, असं त्यात दिसलं. कारण सोपं आहे. ३५ हर्ट्झला पुढची भिंत दाबत असते तेव्हा मागची ओढत असते. दोन्हीकडून एकसारखा धक्का दिला की ते घुमणं एकमेकांना खातं. रुंदीच्या मध्यावर ठेवल्यामुळे ४७चा सूरही फारसा उठत नाही.

तर एक सब टीव्हीखाली, दुसरा दिवाणामागे मध्यावर. (वायर कुठून न्यायची यावर घरात जे होईल ते तुम्ही बघा.)

आता माप. मोजायचा यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड, हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एकेक सब वेगळा वाजवून दोघांची पातळी सारखी करा. मग दोन्ही एकत्र, आणि माइक फक्त सोफ्यावर नाही, दिवाणावरही.

इथे एक मेख आहे. रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन प्रत्येक सबचं अंतर मोजून जवळच्याला उशीर लावू शकतं. दीड मीटरचा फरक म्हणजे चार-साडेचार मिलिसेकंद. ३५ हर्ट्झला हा आवर्तनाचा सहावा-सातवा हिस्सा होतो, आणि ते खाणं अर्धवट राहतं. या मांडणीत दोन्ही सबना सुरुवातीला एकच डिले द्या. मुख्य स्पीकरशी जुळवायचं तेव्हा दोघांना मिळून हलवा, ८० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडत नाही ना ते बघत.

राहतो ७०चा उंचवटा. तो सोफ्यावरही आहे, दिवाणावरही, म्हणून एकाच ईक्यूने दोन्हीकडे कापता येतो. खड्डे मात्र भरायला जाऊ नका. दहा डेसिबल वाढवायचे तर दहापट पॉवर लागते.

काकांचं काय? फोमच्या पॅडने खडखड कमी होईल, पण ३५ हर्ट्झ स्लॅबमधून जायचा थांबत नाही. फायदा होतो तो उंचवटे कापल्याचा आणि सोफ्यासाठी आवाज चढवावा न लागल्याचा. मोबाइलवरचं डेसिबल ॲप दाखवून काकांशी वाद घालू नका. ती ॲप बहुधा ए-वेटिंगवर असतात, आणि त्यात ३१.५ हर्ट्झचा आवाज जवळपास ३९ डेसिबल कमी धरला जातो. काकांचं खरं असतं.

पुढच्या भागात क्रॉसओव्हर.